रॉकेट लॅब : उलाढाल सातपट, नफा अजून दूर

अग्निबाणाशी आपला काय संबंध, असे आपले व्यापारी आणि कारागीर बांधव विचारतील. संबंध अग्निबाणाशी नसला तरी त्या धंद्याच्या हिशेबाशी जरूर आहे.

रॉकेट लॅब ही कंपनी पीटर बेक यांनी २००६ साली न्यूझीलंडमध्ये काढली. बेक कॉलेजात गेलेले नाहीत. घरगुती उपकरणे बनवणाऱ्या फिशर अँड पायकेल या कंपनीत उमेदवारी करून ते डाय आणि हत्यारे बनवायला शिकले. मूळचा माणूस कारागीरच. त्यांचा ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाण सुमारे ३०० किलो वजन नेतो. जानेवारी २०१८ मध्ये तो प्रथम कक्षेत पोहोचला. २०२४ मध्ये त्याची १६ उड्डाणे झाली आणि सर्व यशस्वी ठरली.

नाव झाले ते अग्निबाणामुळे. पण २०२४ च्या ४३ कोटी ६२ लाख डॉलरच्या उलाढालीत उड्डाणांचा वाटा साडेबारा कोटींच्या आसपासच होता. उरलेले सुमारे ३१ कोटी उपग्रह आणि त्यांचे सुटे भाग यांतून आले.

असे का झाले, हे टेम्पोवाल्याला लगेच कळेल. छोट्या गाडीचे किलोमागे भाडे जास्त पडते. स्पेसएक्सचा मोठा ‘फाल्कन ९’ अनेक गिऱ्हाइकांचा माल एकाच खेपेत स्वस्तात नेतो. बेक भाव पाडण्याच्या शर्यतीत उतरले नाहीत. २०२० मध्ये त्यांनी कॅनडातील सिंक्लेअर इंटरप्लॅनेटरी घेतली. तिथे उपग्रहाचे तोंड योग्य दिशेला धरून ठेवणारी चाके बनतात. जानेवारी २०२२ मध्ये सौरपट्ट्या बनवणारी सोलएरो ८ कोटी डॉलरला घेतली. आता अग्निबाण कोणाचाही उडो, आतला माल यांचा खपतो. अमेरिकन सरकारच्या स्पेस डेव्हलपमेंट एजन्सीने तर १८ उपग्रहांचे साडेएक्कावन्न कोटी डॉलरचे काम दिले. हा निर्णय शहाणपणाचा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. २०२१ ची उलाढाल ६ कोटी २२ लाख डॉलर होती. तीन वर्षांत ती सातपट झाली. तरीही २०२४ चा तोटा १९ कोटी डॉलर! कंपनीचे हितचिंतक म्हणतात, हा खर्च ‘न्यूट्रॉन’ या नव्या मोठ्या अग्निबाणावरचा आहे. यात तथ्य आहे. त्या वर्षी संशोधन आणि विकासावर १७ कोटींहून अधिक खर्च झाला. मात्र तो पूर्ण बाजूला काढला तरी माल आणि उड्डाणांवर सुटलेल्या ११ कोटींच्या वरच्या रकमेतून विक्री आणि कचेरीचा खर्चही भागला नाही. म्हणजे तोट्याचे सारे खापर न्यूट्रॉनवर फोडता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये न्यूट्रॉनसाठी २०२४ चा वायदा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो २०२६ वर गेला.

ही तूट भागधारकांच्या भांडवलातून आणि रोख्यांतून भरून निघते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने सव्वाचार टक्के व्याजाचे साडेपस्तीस कोटी डॉलरचे रोखे विकले. छोट्या कारखानदाराला अशी तूट कोण भरून देणार?

म्हणून बेक यांच्याकडून घ्यायचेच तर एवढे घ्यावे : भाड्यावर न थांबता माल बनवावा. मात्र गल्ल्यातली गर्दी पाहून नवे यंत्र घेऊ नये. रोजचा खर्च रोजच्या नफ्यातून सुटू लागला, की मगच घ्यावे.