आधाराचा हात

व्यायामशाळेतील दांडीला बारा वर्षांची एक मुलगी लोंबकळत आहे. तळहातांना मॅग्नेशियमची पांढरी भुकटी लावलेली आहे, खाली जाड गादी अंथरलेली आहे, आणि बाजूला तिच्या शिक्षिका उभ्या आहेत. तिला जी कसरत साधावयाची आहे, ती सांगावयास फार सोपी आहे. झोका घेऊन शरीर पुढे पूर्ण ताणावयाचे, झोक्याच्या टोकाशी दोन्ही पायांचे घोटे दांडीपाशी आणावयाचे, आणि परतीच्या झोक्याबरोबर पाय दांडीलगत वर सरकवीत, हात न वाकविता दांडी खाली दाबावयाची. हे सारे नेमके जुळून आले, तर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच शरीर दांडीच्या वर येऊन सरळ हातांवर तोलले जाते. जिम्नॅस्टिक्समध्ये या कसरतीला ‘किप’ म्हणतात. मुलींच्या स्पर्धेत कमीअधिक उंचीच्या दोन दांड्या असतात; खालची सुमारे १७० सेंटिमीटर आणि वरची सुमारे २५० सेंटिमीटर उंच. या दांड्यांवरील पुढच्या कसरतींचे किप हे जणू प्रवेशद्वारच होय. हे दार उघडण्यास पुष्कळ मुलींना महिनेच्या महिने लागतात.

इतका काळ का लागावा? शक्ती कमी पडते म्हणून, असे पाहणाऱ्यास वाटते. मुलीलाही तसेच वाटते. म्हणून ती कोपरे वाकवून, दात-ओठ खाऊन स्वतःला वर ओढू पाहते आणि पुन्हा खाली येते. वस्तुतः उणीव असते ती बहुधा वेळेच्या जाणिवेची. पाय क्षणभर उशिरा आले की झोक्याचा सारा जोर वाया जातो, आणि मग कितीही बळ लावले तरी उपयोग होत नाही. झाडाला बांधलेल्या झोपाळ्यावर ज्याने उंच झोका घेतला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अशा वेळी शिक्षिका मदतीस येतात. एक हात कमरेखाली व दुसरा मांडीखाली लावून त्या मुलीला वर ढकलतात. मुलगी दांडीवर पोहोचते, मैत्रिणी टाळ्या वाजवितात, दारात उभ्या असलेल्या आईचा चेहराही फुलतो. परंतु मुलीला वर नेले कोणी? असे पंधरा दिवस चालले, तर मुलीचे शरीर किप शिकत नाही. ते शिक्षिकेच्या हाताची वाट पाहावयास शिकते. प्रेमापोटी केलेली ही मदत मुलीच्या पदरात पुष्कळ टाळ्या टाकते आणि विद्या मात्र टाकीत नाही.

चांगली मदत दांडीपासून दूरच सुरू होते. मुलगी जमिनीवर उताणी निजते, हातात एक हलकी काठी धरते, आणि घोट्यापासून मांडीपर्यंत ती काठी पायांलगत ओढीत आणते. विजार चढविताना हात जसे फिरतात, तसेच ते येथे फिरतात. हा खेळ पाहून लहान मुले हसतात; पण दांडीवरचे निम्मे काम येथेच होते. पुढे खालच्या दांडीवर सराव सुरू झाला, की शिक्षिकेचा हात पहिल्या दिवसांत खरोखरच उचलतो. मग नुसता योग्य क्षणी स्पर्श करतो. त्यानंतर पाठीखाली बोटभर अंतरावर राहतो. हे बोटभर अंतर राखणे हेच शिकविण्यातील सर्वांत कठीण काम असावे. उचलण्यास बळ पुरते. न उचलता सावध राहण्यास फार मोठा संयम लागतो.

याउलट, मदत मुळी करूच नये असे मानणारेही पुष्कळ आहेत. पडल्याशिवाय शिकता येत नाही, असे ते म्हणतात. अंगणात धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते खरे असेल. पण दांडीवरून मानेवर पडणाऱ्याला पुढे शिकण्याची संधी मिळेलच असे नाही. तळहाताची कातडी फाटली असताना ‘अजून दहा वेळा कर’ म्हणणे, किंवा घाबरलेल्या मुलीला ‘भित्री’ म्हणून हिणविणे, याला शिस्त हे नाव शोभत नाही. थकलेले शरीर विसाव्या वेळी चुकीचीच हालचाल गिरविते, आणि ती चूक पुढे मोडून काढण्यास दुप्पट काळ लागतो.

शिवाय भीती नेहमीच दुर्बलतेचे चिन्ह असते, असेही नाही. अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळविली होती. २०२१ साली टोकियो येथे सांघिक अंतिम फेरीत एक उडी घेतल्यावर ती स्पर्धेतून बाजूला झाली. हवेत असताना आपले शरीर कोठे व कसे आहे, याचे भानच तिला राहत नव्हते. तिला नावे ठेवणारे लोक कमी नव्हते. परंतु तिने शरीराचा इशारा ऐकला. त्याच ऑलिंपिकमध्ये तिने तोलाच्या दांडीवर कांस्यपदक मिळविले, आणि २०२४ साली पॅरिस येथे तीन सुवर्णपदके. जगातील एवढी मोठी खेळाडू ‘आज नको’ म्हणू शकते, तर बारा वर्षांच्या मुलीलाही ते म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकून घेणारे कोणी तरी जवळ असले पाहिजे.

मैत्रिणींचाही यात वाटा असतो. एखादीला किप आठवडाभरात येते, दुसरीला चार महिने लागतात. पहिलीने दुसरीकडे पाहून नुसते स्मित केले, तरी ते दांडीवरून दिसते. त्यापेक्षा ‘तुझे पाय उशिरा येत आहेत’ एवढे एक खरे वाक्य तिने सांगितले, तर ते पुष्कळ उपयोगी पडते.

स्पर्धेच्या नियमांत या विषयाची एक मोठी मार्मिक तरतूद आहे. खेळाडू दांड्यांवर कसरत करीत असताना प्रशिक्षकाला जवळ उभे राहण्याची मुभा असते. मात्र त्याने कसरतीस हातभार लावला, तर एक पूर्ण गुण वजा होतो आणि त्या कसरतीचे श्रेयही मिळत नाही. खाली पडल्यासही एक गुण जातो. प्रशिक्षक हे सारे जाणून असतो. तो हात मागे घेऊन उभा राहतो, मुलीच्या प्रत्येक झोक्याबरोबर अर्धे पाऊल पुढेमागे सरकतो, आणि तिची पकड सुटली, तर गुणांचा हिशेब न करता तिला झेलतो.