जपानमध्ये 'आयडॉल' व्हायला गाणं यावंच लागतं का?

२०२३ मध्ये योआसोबी या जपानी जोडीचं 'आयडॉल' हे गाणं जगभर गाजलं. 'ओशी नो को' या ॲनिमेचं हे शीर्षकगीत आपल्याकडच्या ॲनिमेवेड्या पोरांनाही पाठ असेल. चाल उडती असली तरी त्यातली गोष्ट काळी आहे. चाहत्यांसमोर कायम हसणारी, प्रेमाचं नाटक करणारी आणि स्वतःची मुलं जगापासून लपवणारी एक पॉपस्टार. कथेतला मसाला बाजूला काढला, तर उरतं ते बऱ्यापैकी खरं आहे.

जपानी आयडॉल म्हणजे नुसता गायक नव्हे. तो गातो, नाचतो, टीव्हीवर गप्पा मारतो, जाहिराती करतो. पण विकलं जातं ते त्याचं माणूस म्हणून असलेलं रूप. म्हणूनच ऑडिशनमध्ये गळा तयार नसला तरी चालून जातं. दक्षिण कोरियात कंपन्या पोरांना कित्येक वर्षं घासूनपुसून मगच स्टेजवर आणतात. जपानमध्ये कच्चा माल थेट लोकांसमोर ठेवतात आणि त्याचं पक्कं होणं हाच शो असतो. मियावाकी साकुरा हे याचं चांगलं उदाहरण. जपानच्या एचकेटी४८ मधली ही स्टार २०१८ मध्ये 'प्रोड्यूस ४८' या कोरियन स्पर्धेत उतरली. तिथे जपानी मुलींचं नाचगाणं कोरियन मुलींच्या तुलनेत किती कच्चं आहे, हे सगळ्यांनी पाहिलं. साकुरा मात्र टिकली आणि आज 'ल सेराफिम'मध्ये आहे.

मग लागतं काय? चिकाटी. १९९७ मध्ये एका टीव्ही स्पर्धेत हरलेल्या पाच जणींना आव्हान मिळालं: पाच दिवसांत ५० हजार सीडी विकून दाखवा. त्यांनी त्या चारच दिवसांत विकल्या आणि 'मॉर्निंग मुसुमे' हा गट जन्माला आला. आधी हरायचं, मग लोकांच्या साक्षीने जिंकायचं. हा फॉर्म्युला जपानी चाहत्यांना तेव्हापासून फार आवडतो.

याचा खरा धंदा केला तो गीतकार यासुशी अकिमोतो यांनी. डिसेंबर २००५ मध्ये टोकियोच्या अकिहाबारा भागात त्यांनी एकेबी४८ सुरू केला. कल्पना साधी होती: जिला रोज भेटता येईल अशी स्टार. गटाचं स्वतःचं छोटं थिएटर आणि तिथे जवळपास रोज कार्यक्रम. पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले सर्वसामान्य प्रेक्षक होते फक्त ७. पुढे सीडीसोबत 'हस्तांदोलनाचं तिकीट' मिळू लागलं. सीडी घ्या, रांगेत उभे राहा, लाडक्या मुलीचा हात काही सेकंद हातात घ्या. २००९ पासून तर सीडीत मतपत्रिकाही येऊ लागली. पुढच्या गाण्यात पुढे कोण उभी राहणार, हे चाहते मतदानाने ठरवणार. एका माणसाला कितीही मतं देता येत, फक्त तितक्या सीडी घ्यायच्या. (निवडणुकीत पैसा चालतो हे आपल्यालाही ठाऊक आहे, पण इथे तो उघड नियमच होता!) २०१७ मध्ये फुकुओकात डोंगरावर फेकून दिलेल्या शेकडो सीडी सापडल्या, त्या याच हिशोबातून.

आता यातली ग्यानबाची मेख. चाहता पैसे मोजतो तो जवळिकीच्या आभासासाठी. मग ती मुलगी खरंच कुणाच्या प्रेमात पडली तर? म्हणून अनेक गटांत प्रेमबंदी असते, काही ठिकाणी तर थेट करारात. जानेवारी २०१३ मध्ये एका तरुणाच्या घरातून बाहेर पडतानाचे फोटो छापून आल्यावर एकेबी४८ च्या मिनामी मिनेगिशीने स्वतःचं मुंडण करून कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. तिला पुन्हा प्रशिक्षणार्थी करण्यात आलं. तेव्हा ती २० वर्षांची होती. याउलट रिनो साशिहारा. तिचंही असंच प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं आणि तिची रवानगी फुकुओकाच्या गटात झाली. तिने ते हसण्यावारी नेलं आणि पुढच्याच वर्षी मतदानात पहिली आली. म्हणजे पाप एकच, पण ते कसं विकता येतं यावर शिक्षा ठरते.

न्यायालयांचंही यावर एकमत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने प्रेमबंदी मोडल्याबद्दल १७ वर्षांच्या एका मुलीला साडेसहा लाख येन भरपाई द्यायला सांगितली. चारच महिन्यांनी, जानेवारी २०१६ मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निकालात कंपनीचा दावा फेटाळला गेला. कुणाशी नातं ठेवायचं हा आनंदाने जगण्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, असं त्यात म्हटलं होतं.

जवळीक विकण्याचा धोका शरीरावरही येतो. मे २०१४ मध्ये इवाते इथल्या हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एका माणसाने करवतीने हल्ला करून एकेबी४८ च्या दोघींना जखमी केलं. डिसेंबर २०१८ मध्ये एनजीटी४८ च्या माहो यामागुचीवर तिच्या घराच्या दारात हल्ला झाला. तिने तो जाहीर केला आणि त्यानंतर स्टेजवर उभं राहून माफी मागितली ती तिनेच. त्यावरून जपानभर संतापाची लाट उसळली.

मुलांच्या बाजूचं चित्र याहून भयानक निघालं. अनेक दशकं बॉय बँडचा बाजार मुठीत ठेवणाऱ्या जॉनी कितागावा यांनी असंख्य किशोरवयीन मुलांवर लैंगिक अत्याचार केले होते. एका साप्ताहिकाने हे छापलं होतं आणि २००३ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाने त्या आरोपांत तथ्य असल्याचंही मान्य केलं होतं. तरी टीव्ही वाहिन्या गप्प राहिल्या, कारण स्टार त्याच कंपनीकडे होते. मार्च २०२३ मध्ये बीबीसीची डॉक्युमेंटरी आली, पीडित बोलू लागले आणि सप्टेंबरमध्ये कंपनीने कबुली दिली. तोवर कितागावा यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

१ नोव्हेंबर २०२४ पासून जपानमध्ये फ्रीलान्सर संरक्षण कायदा लागू झाला आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला कामाच्या अटी लेखी किंवा डिजिटल स्वरूपात द्याव्या लागतात आणि ६० दिवसांच्या आत पैसेही. अनेक आयडॉल कागदोपत्री कंपनीचे नोकर नसतात, त्यामुळे त्यांना याचा आधार मिळू शकतो. छोट्या क्लबांमध्ये गाणाऱ्या 'भूमिगत' आयडॉल मुलींची कमाई मात्र आजही मुख्यतः कार्यक्रमानंतर चाहत्यांसोबत काढलेल्या पोलरॉइड फोटोंवर चालते. एका फोटोचे साधारण हजार-दोन हजार येन. त्यातला काही वाटा तिचा, बाकीचा एजन्सीचा.