‘पातळ खा’ म्हणजे नेमकं किती?

गेल्या उन्हाळ्यात ओपीडीत एक मावशी दोनशे पानी वही घेऊन आल्या. नवऱ्याच्या गालाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, शेक सुरू होऊन चौथा आठवडा लागलेला. वहीच्या प्रत्येक पानावर तारीख आणि खाली आठ उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक वाटी पेज. एकही दिवस चुकलेला नव्हता. पेशंटचं वजन मात्र ५२ किलोवरून ४६ वर आलं होतं, आणि मास्क चेहऱ्यावर सैल बसतोय असा निरोप रेडिएशनच्या टेक्निशियनने पाठवला होता. ‘‘तुमी सांगितल्यासारखंच दिलंय की म्याडम,’’ मावशी म्हणाल्या. केसपेपर उलटून पाहिला. माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: पातळ आहार.

त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून हिशेब केला. मावशी दिवसाला दोन मुठी तांदूळ शिजवत होत्या, म्हणजे साधारण १२० ग्रॅम. त्यातून चारशेच्या आसपास कॅलरी आणि जेमतेम नऊ ग्रॅम प्रथिनं. युरोपातल्या ‘एस्पेन’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आपण सगळेच वापरतो: किलोमागे २५ ते ३० कॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे एक ग्रॅमच्या वर, शक्य तर दीड ग्रॅम. ५२ किलोच्या माणसाला दिवसाला पंधराशेच्या वर कॅलरी आणि साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागणार होती. मावशींची निष्ठा शंभर टक्के होती आणि पेशंट पाव पोटावर होता. वाट्या मोजायला आम्ही शिकवलं होतं, वाटीत काय घालायचं ते सांगितलं नव्हतं.

औषध लिहिताना आपण मिलिग्रॅम लिहितो, दिवसातून किती वेळा ते लिहितो. आहार लिहिताना मात्र आपला हात सैल पडतो. ‘पातळ, पौष्टिक, भरपूर पाणी’ एवढ्यावर कागद संपतो. ऑपरेशननंतरचे शेक आठवड्याला पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे चालतात. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाला तोंड आतून सोलवटायला लागतं. अशा वेळी ‘पौष्टिक’ या शब्दाचा घरात एकच अर्थ लावला जातो: पाणीदार, बिनतिखट, बिनतुपाचं. त्यात शेजारचं कोणीतरी साखर बंद करायला सांगतं, कारण साखरेनं गाठ वाढते. कोणी दूध बंद करतं, कारण कफ होतो. कोणी म्हणतं अंड्यानं टाक्यात पू होतो. पेशंटच्या ताटातून एकेक पदार्थ उचलला जातो आणि शेवटी पेज आणि नारळपाणी उरतं. हे सल्ले देणाऱ्यांवर रागावून उपयोग नाही. आपण जिथे जागा मोकळी सोडतो तिथे ते येऊन बसतात.

मग वाटीत घालायचं काय? मावशींना आम्ही करून दाखवली ती वाटी अशी: २०० मिलि गायीचं दूध, चार चहाचे चमचे म्हणजे सुमारे २० ग्रॅम नाचणीचं पीठ, १५ ग्रॅम दूध पावडर, दोन चमचे गूळ, एक चमचा तूप. ही एक वाटी सव्वातीनशे कॅलरी आणि तेरा ग्रॅम प्रथिनांच्या जवळ जाते. पाच वाट्यांत दिवसाचं भागतं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वाटी बदलेल, दूध पचत नसेल तर मुगाच्या डाळीचं कढण आणि शेंगदाण्याचं गाळलेलं दूध येईल. पण आकडा लिहिलेला असेल.

अडचण पुढे आहे. पीठ वाढवलं की पेज घट्ट होते. सुपारीनं ज्याचं तोंड आधीच आवळलेलं आहे, ज्याच्या दातांमधून दोन बोटंही जात नाहीत, त्याला घट्ट पेज चालत नाही. नळीतून तर मुळीच जात नाही. मग घरचे पाणी ओततात आणि आपण पुन्हा मावशींच्या वहीवर येतो. यावरचा उपाय बाळंतिणीच्या घरात पूर्वीपासून आहे. नाचणीला मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या वरच्या अन्नासाठी यावर मोलाचं काम केलं. मोड आणून, वाळवून, अगदी हलकं भाजून दळलेलं पीठ चमचाभर घ्यायचं. शिजलेली घट्ट पेज गॅसवरून उतरवून, चांगली गरम पण उकळत नसताना त्यात ते ढवळायचं. पाच-दहा मिनिटांत पेज पळीवरून ओघळायला लागते, आणि पाणी थेंबभरही वाढवलेलं नसतं. मग पुन्हा एक उकळी आणायची, कारण केमो चालू असताना कच्चं पीठ पोटात जाऊ द्यायचं नाही. जोरात भाजलेल्या पिठानं हे होत नाही, विकर जळून जातं. आणि हे पीठ म्हणजे वस्त्रगाळ करून वाळवलेलं सत्त्व नव्हे. सत्त्वात मुख्यतः स्टार्च उरतो, प्रथिनं चोथ्याबरोबर गेलेली असतात. हा फरक घरच्यांना हातात पीठ देऊनच समजावा.

प्रोटीन पावडरचे डबे वाईट नाहीत. पण एका डब्यात मजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, आणि डबा पुरवायचा म्हणून चमचा अर्धा होतो. पाउला राव्हास्को आणि सहकाऱ्यांनी लिस्बनमध्ये शेक घेणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या ७५ पेशंटांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये छापून आला. शेक चालू असताना आहारसल्ल्याचा गट आणि डब्याचा गट दोघांचंही खाणं वाढलं. तीन महिन्यांनंतर टिकलं ते नेहमीच्या अन्नावर बसून सल्ला मिळालेल्या गटाचं. आपल्या कामाची यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

पाण्याबद्दलही तेवढंच नेमकं बोलायला हवं. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडावर बसतं, आणि कोरडा पडलेला पेशंट त्याचा पहिला बळी असतो. मे महिन्यात मराठवाड्या-विदर्भातून एसटीनं रोज शेकाला येणारी बाई मुद्दाम पाणी पीत नाही, कारण वाटेत जाण्यासारखं स्वच्छतागृह नसतं. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणण्याआधी तिला प्रवास विचारा. दोन लिटरची खुणेची बाटली, घोटघोट, संध्याकाळपर्यंत रिकामी. लघवी गडद झाली, उठताना भोवळ आली, दिवसात दोनदाच जावं लागलं तर वाट न पाहता यायचं. उलट्या-जुलाबात नारळपाणी ओआरएसची जागा घेत नाही, त्यात सोडियम कमी असतं. क्रिएटिनिन चढलेलं असेल तर त्यातल्या पोटॅशियमचाही विचार हवा.

नळीचा विषय पहिल्याच भेटीत काढावा. वजन दहा टक्के उतरल्यावर काढलेला तो विषय घरच्यांना शेवटच्या निरोपासारखा वाटतो. आधीच सांगितलं की ही दीड-दोन महिन्यांची तजवीज आहे, तर बहुतेकजण ऐकतात. नळी असली तरी गिळणं सुरक्षित असेल तोवर तोंडानं पाण्याचे घोट चालू राहिले पाहिजेत, नाहीतर गिळण्याचे स्नायू काम विसरतात. आणि दुखणं थांबवल्याशिवाय खाण्याचा आग्रह धरू नये. जेवणाआधी मीठ-सोड्याची चूळ, बधिर करणारं जेल, वेळेवर वेदनाशामक. जिभेवर पांढरे चट्टे दिसले तर बुरशीचं औषध हवं, समजूत नव्हे.

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. शेवटचा शेक झाला की पेशंट पेढे वाटून गावी जातो, पण तोंड सर्वांत जास्त पोळलेलं असतं ते त्याच सुमारास आणि पुढचे एक-दोन आठवडे. तेव्हा तो आमच्या नाही, तुमच्या दारात असतो. तुमच्या काट्यावर दर आठवड्याला वजन होऊ द्या. एका आठवड्यात किलोभर उतरलं तर आम्हाला फोन करा.

मावशींच्या वहीत आता रेघांच्या जागी रकाने आहेत: दूध, पीठ, तूप, पाणी, वजन. शेक पूर्ण झाले तेव्हा पेशंटचं वजन ४७ होतं. पुढच्या अंकापासून आपण अशा मोजून केलेल्या वाट्यांसाठी एक पान ठेवत आहोत. ज्वारीची, सातूची, हुलग्याची, माशाच्या सुपाची, जी तुमच्या भागात चालते ती पाठवा. सोबत प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये लिहा, आणि ती चौदा नंबरच्या नळीतून गेली की अडकली, तेही कळवा.