अक्षरांची जुळणी आणि भाषेचें ज्ञान

बुधवार पेठेंतील अप्पा बळवंत चौकांत उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडीं जो फेरफटका मारील, त्यास आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या एका नव्या श्रद्धेचें दर्शन घडेल. मुलांस हाताशीं धरून आलेले आईबाप गोष्टींचीं पुस्तकें बाजूस सारतात आणि दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द हुडकण्याचे खेळ मागतात. कोणास स्क्रॅबलचा डबा हवा, कोणास चौकोनांत शब्द दडविलेल्या वह्या. आणि २०२१ सालीं वर्डल अवतरल्यापासून तर खिशांतील फोनच रोज पांच अक्षरांचें कोडें घालूं लागला आहे. यायोगें मुलांचें इंग्रजी सुधारतें, असें हे पालक छातीठोकपणें सांगतात. हें मत निखालस चुकीचें आहे, आणि ज्यानें उभा जन्म इंग्रजी शिकविण्यांत घालविला त्यानेंच तें खोडून काढलें पाहिजे.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनीं २०१५ सालीं फ्रेंच भाषेंतील स्क्रॅबलचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. या गृहस्थांस फ्रेंच बोलतां येत नव्हतें! सुमारें नऊ आठवडे त्यांनीं शब्दांची यादी पाठ केली आणि ज्यांची ती मातृभाषा त्यांस हरविलें. पुढें २०२४ सालीं स्पॅनिशमध्येंही त्यांनीं तोच पराक्रम केला. जगज्जेत्यास ज्या खेळांत भाषा लागत नाहीं, त्या खेळांतून चौथींतील मुलास ती कशी लाभणार? रिचर्ड्स यांची स्मरणशक्ति विस्मयकारक आहे यांत वाद नाहीं. पण तिला फ्रेंचचें ज्ञान कोणी म्हणत नाहीं. आमच्या घरांतून मात्र तशाच पाठांतरास इंग्रजीचें ज्ञान म्हणतात.

‘क्यू’ आणि ‘आय’ या दोन अक्षरांचा शब्द घ्या. मूळ चिनी, उच्चार ‘ची’, अर्थ आपल्या ‘प्राणा’च्या जवळचा. या खेळांत मुरलेल्या मुलास तो विचारून पाहावा. ‘क्यू’चे दहा आणि ‘आय’चा एक मिळून अकरा गुण, एवढेंच त्यास बहुधा ठाऊक असतें. उच्चार नाहीं, अर्थ नाहीं, वाक्यांत योजना नाहीं. “शब्दसंग्रह तरी वाढतो ना?” असें कोणी विचारील. जो शब्द वाक्यांत बसवितां येत नाहीं तो संग्रहांत कसला? ती नुसती अडगळ!

खेळाचा यांत दोष नाहीं. आल्फ्रेड बट्स या मंदींत बेकार झालेल्या अमेरिकन वास्तुशिल्पकारानें वर्तमानपत्राच्या पानांवरील अक्षरें मोजून ‘ई’च्या बारा सोंगट्या ठेविल्या आणि अनेकवचनें फार सोपीं होऊं नयेत म्हणून ‘एस’च्या चारच. त्यानें खेळ म्हणून खेळ रचला. त्यास शिकवणीच्या खात्यावर मांडलें तें आम्हीं.

शिवाय अक्षरांचीं बंधनें आम्हांस अपरिचित नाहींत. दंडीच्या ‘दशकुमारचरितां’त मंत्रगुप्ताचा ओठ प्रियेच्या दंतक्षतानें दुखावलेला, म्हणून तो आपली सबंध हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) हाच नियम घालून ‘निरोष्ठ रामायण’ रचलें. वाचकांनीं क्षणभर विचार करावा: रामायण सांगावयाचें, आणि ‘राम’ म्हणावयाची सोय नाहीं, कारण त्यांत ‘म’ आहे! कोणी याला कसरत म्हणोत. पण येथें टाळलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागीं त्याच अर्थाचा, त्याच वृत्तांत बसणारा दुसरा शब्द आणावा लागतो. ज्यास भाषा येत नाहीं त्याचें तेथें पाऊलही पुढें पडणार नाहीं. शब्दांच्या याद्या घोकून आलेला कोणताही जगज्जेता तेथें पहिल्याच ओळींत थांबेल.

तेव्हां आईबापांस खेळच हवा असेल तर हा घ्यावा. मुलानें शाळेंत काय घडलें तें आजीस ओठाला ओठ न लावतां मराठींत सांगावें, आणि तें साधलें कीं तीच हकीकत इंग्रजींत सांगावी. डबा विकत घ्यावा लागत नाहीं. मराठींत आई, आजी आणि काका यांस पूर्ण मुभा आहे. मम्मी व पप्पा यांस मात्र त्या हकीकतींत प्रवेश नाहीं.