दूरचे तारे आणि जवळची महाविद्यालये

हबल दुर्बिणीने टिपलेल्या ‘एअरेन्डेल’ या ताऱ्याचा शोध मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. त्याच्या प्रकाशाला पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास सुमारे १,२९० कोटी वर्षे लागली. विश्वाचे वयच सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. एवढ्या दूरचा एकटा तारा एरवी कोणत्याही दुर्बिणीला दिसला नसता. तो दिसला, कारण वाटेत दीर्घिकांचा एक प्रचंड समूह होता. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वाकला, एकवटला आणि हजारो पटींनी उजळला. हा एक तारा नसून ताऱ्यांचा गुच्छ असावा, अशी शंका २०२५ मध्ये पुढे आली आहे; परंतु त्यामुळे या निसर्गदत्त भिंगाचे महत्त्व उणावत नाही.

एका ताऱ्यामुळे दुसऱ्याचा प्रकाश असा वाकलेला प्रत्यक्ष पाहावयास मिळेल, ही आशा आइन्स्टाइन यांना १९३६ मध्ये वाटत नव्हती. दीर्घिका हे काम करू शकतील, असे झ्विकी यांनी १९३७ मध्ये सुचविले आणि १९७९ मध्ये एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा सापडून त्याला दुजोरा मिळाला. त्यानंतर लवकरच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे, नरसिंह आणि सुब्रमण्यन यांनी अशा भिंगांचे गणित मांडले. वेध परदेशी दुर्बिणींचे होते. वाटेतल्या दीर्घिकेतील वस्तुमान कसे विखुरले असेल, याचा विचार मात्र मुंबईत झाला. साधने अपुरी असली तरी बुद्धी अडून राहत नाही, हा त्याचा अर्थ.

आता तर साधनांची अडचणही बरीच दूर झाली आहे. हबल आणि वेब या दुर्बिणींची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर, बहुधा वर्षभराच्या आत, सर्वांना विनामूल्य खुली होतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही खरीखुरी सार्वजनिक वस्तू होय: एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्यास कमी पडत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमात सुमारे ३७ हजार हौशी लोकांनी घरबसल्या छायाचित्रे तपासून नवी संभाव्य भिंगे शोधली. त्याच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या अनुप्रीता मोरे पुढे पुण्याच्या ‘आयुका’त आल्या. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुळात विद्यापीठांसाठीच आहे, हेही विसरून चालणार नाही.

मग पडेगावच्या विद्यार्थ्याला या कार्यात भाग घेण्यापासून कोण अडविते? दुर्बिणीचा अभाव नव्हे. अडविते ते शिकविणाऱ्याचा अभाव. महाविद्यालयांतील रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक हे चित्र महाराष्ट्राला परिचित आहे. पुढच्या सत्राची शाश्वती नसलेल्या अध्यापकाने विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. देशाच्या उत्पन्नातील संशोधनावरील खर्चाचा वाटा २०२०-२१ मध्ये जेमतेम ०.६४ टक्के होता.

दुष्काळी मराठवाड्याला ताऱ्यांचे काय, हा आक्षेप स्वाभाविक आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पास केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. पैसा खर्च होणारच आहे. प्रश्न एवढाच की, त्या वेधशाळेत मराठवाड्याची मुले शास्त्रज्ञ म्हणून जाणार की केवळ पहारेकरी म्हणून? भौतिकशास्त्र व गणिताच्या कायम जागा भरणे आणि प्रत्येक जिल्ह्यातील निदान एका महाविद्यालयाला आयुकाशी जोडणे, यांस लागणारा पैसा त्या रकमेपुढे फार नाही. तो आज न खर्चिल्यास उद्या भव्य वेधशाळा उभी राहील. पण तिच्या छायेतील गावांना ती परकीच वाटेल.