सवलत नेमकी कोणाच्या अडचणीसाठी?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास सध्या आपल्या लोकांत सगळ्यात जास्त बोलला जाणारा विषय आहे. पूर्व मुक्त मार्ग छेडा नगरपासून ठाण्यापर्यंत वाढवायचा, त्याच्या वाटेतली घरे हलवायची आणि सगळ्या वस्तीचाच पुनर्विकास एमएमआरडीए आणि एसआरए यांनी मिळून करायचा, असा हा प्रकल्प आहे. घरांचा आकडा 16 हजारांच्या वर आहे. 11 जुलै 1997 च्या गोळीबारात जिथे दहा जण गेले, त्या वस्तीचा नकाशा आता नव्याने काढला जातो आहे.

मी ज्या बैठकांना बसलो तिथे चर्चा एकाच वाटेने जाते. पात्र कोण, भाडे किती, घर किती फुटांचे, विहाराला जागा कुठे. हे प्रश्न हवेतच. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, आतला रस्ता किती रुंद, अग्निशमनचा बंब कुठे वळणार, गाड्या कुठे लागणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. कारण आपल्याला वाटते, ते नियमात ठरलेले असेल. नियमात ते ठरलेले असतेच. पण नियम मोडण्याची नव्हे, शिथिल करण्याची सोयही त्याच नियमात असते, आणि सगळा खेळ तिथे चालतो.

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली 2034 मध्ये नियम 6(ब) आहे. एखाद्या भूखंडावर नियमाप्रमाणे बांधणे खरोखरच अडचणीचे ठरते, हे स्पष्ट दाखवून देता आले, तर आयुक्त लेखी कारण नोंदवून मापात सूट देऊ शकतात. अट अशी की आरोग्य, आग, इमारतीची मजबुती आणि सार्वजनिक सुरक्षितता यांना धक्का लागता कामा नये. आर्किटेक्टच्या भाषेत याला 'कन्सेशन' म्हणतात. रस्त्याची बाजू, सामासिक अंतर, पार्किंगची संख्या, गाडी चढण्याचा उतार, काहीही त्यात येऊ शकते. मोठ्या इमारतींच्या बहुतेक फायलींत कन्सेशनचा असा कागद सापडतो.

झोपडपट्टी पुनर्वसनाचा नियम 33(10) वाचला की मात्र शब्द बदललेला दिसतो. तिथे योजना 'व्यवहार्य' व्हावी म्हणून एसआरएचे मुख्य कार्यकारी अधिकारी लेखी कारण देऊन आवश्यक ती कोणतीही शिथिलता देऊ शकतात. इतरांच्या बाबतीत कसोटी अडचणीची. आपल्या वस्तीच्या बाबतीत कसोटी व्यवहार्यतेची. समाजशास्त्रात शिकलो ते इथे उपयोगी पडते: नियम कोणाला सोसायला लावतो ते पाहायचे असेल, तर त्यातला कर्ता शोधावा. अडचण राहणाऱ्या माणसाला असते. व्यवहार्यता हिशेबाला असते, आणि तो हिशेब बहुतेक वेळा विकासकाचा असतो. अर्ज विकासकाचा आर्किटेक्ट करतो, मंजुरी अधिकारी देतो, आणि तीन मीटरच्या फटीत पुढची साठ वर्षे आपण राहतो. अर्ज करताना आपल्याला कोणी विचारत नाही, कारण 51 टक्के संमतीपत्रांवर आपल्या सह्या आधीच झालेल्या असतात.

तीन मीटर मी उगाच म्हणत नाही. मानखुर्द-गोवंडी भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत घरे गेलेल्यांसाठी उभ्या राहिल्या. दोन इमारतींमधले अंतर साधारण तेवढेच. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने 2018 मध्ये तिथला अहवाल दिला. खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि क्षयरोगाचे रुग्ण शेजारच्या, जास्त मोकळ्या पीएमजीपी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आहेत, असे त्यात दिसले. म्हणजे शहराला रुंद रस्ता मिळावा म्हणून ज्यांची घरे पाडली, त्यांच्या नव्या घराभोवतीचा रस्ता अरुंद करायला परवानगी मिळाली. याच्यावर वेगळे भाष्य करायची गरज मला वाटत नाही.

पार्किंगचे प्रकरण वेगळ्या प्रकारचे आहे. मुंबईच्या तक्त्यात 45 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी धरली जाते. एसआरएचे घर 27.88 चौरस मीटरचे, म्हणजे तीनशे चौरस फुटांचे, त्यामुळे ते या पहिल्याच ओळीत बसते. तक्ता चटई क्षेत्रावर चालतो, घरातल्या माणसाच्या पोटापाण्यावर नाही. आपल्या वस्तीत गाडी म्हणजे मुलाची डिलिव्हरीची बाइक, काकांची रिक्षा, भाजीची हातगाडी, मंडपवाल्याचा टेम्पो. एवढ्या घरांच्या एवढ्या वस्तू मावणार कुठे? तळमजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, मीटरच्या खोलीपाशी.

गोरेगाव पश्चिमेला 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे एका एसआरए इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये आग भडकली. उभ्या गाड्या आणि तिथे साठवलेले जुन्या कपड्यांचे गठ्ठे पेटले, धूर जिन्याने वर चढला. किमान सात जण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. नंतर लोक म्हणाले, रहिवाशांनीच सामान ठेवले होते. ठेवले होते, हे खरे. जुने कपडे विकून जगणाऱ्या माणसाला इमारतीत गठ्ठा ठेवायला जागा द्यायची हे नकाशा काढताना कोणाला सुचले होते का?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. सवलत मुळातच वाईट, असे म्हणून आपले भागणार नाही. आपल्या वस्त्या नाल्याकाठी, डोंगरउतारावर, हायवेच्या कडेला वाकड्यातिकड्या जमिनीवर आहेत. प्रत्येक नियम शंभर टक्के लावायचा म्हटला तर अनेक ठिकाणी जागच्या जागी एकही इमारत उभी राहणार नाही, आणि मग पर्याय म्हणून माहुल दाखवले जाईल. रिफायनरीच्या शेजारच्या त्या वसाहतीविरुद्ध लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून माझी भूमिका सवलत नको अशी नाही. ती कशात घेतली, कशाच्या बदल्यात घेतली आणि मागणाऱ्यांत आपण होतो का, हे पाहायचे आहे.

आपणही सवलत मागू शकतो, ही कल्पनाच आपल्या कार्यकर्त्यांना नवीन आहे. चारचाकीच्या जागा कमी करा आणि त्याऐवजी रिक्षा, हातगाड्यांना वेगळी जागा द्या, चार्जिंगचे पॉइंट जिन्यापासून लांब न्या, असा लेखी प्रस्ताव सोसायटीने का देऊ नये? विहारासमोरचे पटांगण घ्या. जयंतीची मिरवणूक तिथून निघते, लग्नाचा मंडप तिथे पडतो, अंत्ययात्रा तिथून उचलली जाते. नकाशात ते 'मोकळी जागा' म्हणून दिसते आणि पार्किंग कमी पडले की पहिली नजर तिथेच जाते. ते पटांगण आणि बंबाचा रस्ता यांना हात लावायचा नाही, बाकी बोलू, असे सुरुवातीलाच लिहून दिले तर निदान फाइलीत आपला एक कागद राहतो.

दोन्ही नियमांत 'लेखी कारण' हा शब्द आहे, आणि तरुण मित्रांनो, आपला पाय रोवायची जागा तीच आहे. कारण लेखी असेल तर त्याची प्रत मागता येते. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. 'आमच्या योजनेची माहिती द्या' असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येते. मागायचे ते असे: मंजूर नकाशा, दिलेल्या सर्व शिथिलतांचा तक्ता, प्रत्येक शिथिलतेमागचे नोंदवलेले कारण आणि अग्निशमन दलाची ना-हरकत. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे मागितले तर उत्तम. ताबा घेतल्यावर मागणे म्हणजे वरात गेल्यावर मांडव शोधणे.

गेल्या महिन्यात पूर्व उपनगरातल्या एका विहारात हे सगळे सांगत होतो. मागे बसलेल्या एक आजी उठल्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी नव्या इमारतीत गेले. रुग्णवाहिका गेटवर थांबली, आत दोन्ही बाजूंना बाइक लागलेल्या, चादरीत घालून न्यावे लागले. त्यांनी विचारले, "बाळा, त्या कागदावर आमच्या गल्लीचं माप लिहिलेलं असतं का रे?" मी म्हणालो, असते. बैठक संपल्यावर तिथल्या दोन मुलांनी शिंप्याकडून टेप आणला आणि गेटपासून जिन्यापर्यंत मोजत गेले. आकडा वहीत लिहिला आहे. नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज सोमवारी टाकला.