‘पोहता येतं’ म्हणजे नेमकं काय येतं? कळवणमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा आहे?

‘पोहता येतं का?’ असं विचारलं की आपण एका शब्दात उत्तर देतो. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस ‘हो’ म्हणतो, बाकीचे ‘नाही’. पण जीव वाचवायचा असेल तर हे उत्तर पुरेसं आहे का?

भारतात अलीकडच्या काही वर्षांत दरवर्षी ३५ हजारांहून जास्त लोकांचा बुडून मृत्यू झाल्याची नोंद आहे. म्हणजे रोज सरासरी ९५ हून जास्त.

विचारून कळतं, की मोजून?

२०१९ मध्ये ‘वर्ल्ड रिस्क पोल’ या जागतिक पाहणीत लोकांना विचारलं गेलं, ‘मदतीशिवाय पोहता येतं का?’ निम्म्याहून जास्त लोक ‘नाही’ म्हणाले. महिलांमध्ये ‘हो’ म्हणणाऱ्या साधारण तीनात एक होत्या. पण ही सगळी स्वतःच दिलेली उत्तरं. प्रत्यक्ष पाण्यात कोणाचीच परीक्षा झाली नव्हती.

प्रत्यक्ष परीक्षेचे निकष ठिकठिकाणी वेगळे आहेत:

• स्वीडनसारख्या देशांत खोल पाण्यात पडून वर येता आलं पाहिजे आणि सलग २०० मीटर पोहता आलं पाहिजे, त्यातलं ५० मीटर पाठीवर.

• बांगलादेशातल्या ‘स्विमसेफ’ उपक्रमात मुलांसाठी तीन गोष्टी आहेत: २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं आणि बुडणाऱ्याला मदत करता येणं.

• अमेरिकन रेडक्रॉसच्या पाच कसोट्या आहेत: डोक्यावर पाणी जाईल इथं उतरणं, वर येऊन एक मिनिट तरंगणं, गोल वळून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत सुमारे २३ मीटर जाणं आणि शिडीशिवाय बाहेर येणं.

शेवटची कसोटी पुन्हा वाचा. शिडीशिवाय बाहेर येणं.

शेततळ्याचा काठ

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात कांदा आणि डाळिंबासाठी शेततळी झाली. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनं राज्यभर त्यांना वेग दिला. पाणी मुरू नये म्हणून अनेक तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. काठ उतरता, त्यावर शेवाळ. हात टेकवावा तर घसरतो, पाय रोवावा तर तोही घसरतो. विहिरीला निदान पायऱ्या किंवा कपारी असतात. इथं पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन थकू शकतो.

नदीचं गणित पुन्हा वेगळं. गिरणेवर चणकापूर धरण आहे. आवर्तन सुटलं की नदीपात्रातलं पाणी वाढतं. काल गुडघाभर होतं म्हणून आज तेवढंच असेल असं नाही.

पाण्याची भीती नसणं

म्हणूनच २०१७ मध्ये काही संशोधकांनी ‘जलक्षमता’ ही कल्पना मांडताना १५ गोष्टींची यादी केली. श्वासावर ताबा, अंगावर कपडे असताना तरंगणं आणि सुरक्षित बाहेर येणं त्यात आहेच. शिवाय स्थानिक धोक्यांची माहिती आणि स्वतःच्या क्षमतेचा खरा अंदाजही आहे.

पाण्यात बिनधास्त वाटणं आणि पाण्यात टिकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगभरात पोहता येतं म्हणणाऱ्यांत पुरुष जास्त, आणि बुडून मरणाऱ्यांतही पुरुषच जास्त. याचं एक कारण म्हणजे ते पाण्यात जास्त उतरतात आणि जास्त धोका पत्करतात. दुसरीकडे, विहिरीवर पोरं पोहायला जातात तेव्हा मुली बहुतेकदा घरीच असतात. पण शेततळ्यावर पाइप बघायला किंवा बादली भरायला बायकाही जातात.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याची मूलभूत कौशल्यं आणि जलसुरक्षा शिकवा असं सांगते. मुलगा असो वा मुलगी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली सुरक्षित पाण्यात शिकवा. पोरगं किती अंतर कापतं यासोबत किती वेळ तरंगतं आणि स्वतः बाहेर येतं का, हेही बघा. शेततळ्यात मात्र ही परीक्षा घेऊ नका.

आणि तळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवा. कोणी बुडताना दिसलं तर उडी मारण्याआधी दोर किंवा ट्यूब फेका, आरडाओरडा करा, ११२ ला फोन लावा.

पुढच्या वेळी कोणी ‘मला पोहता येतं’ म्हणालं, तर एकच विचारा: ‘बाहेर कुठून येणार?’